म्हातारपणीच्या देखभालीचं बिल कुणाच्या नावावर?

माणूस आजारी पडला तर उपचारांचा खर्च कोण करणार, याचं काही ना काही उत्तर प्रत्येक देशात ठरलेलं असतं. सरकारी दवाखाना, विमा, नाहीतर स्वतःचा खिसा. पण माणूस आजारी नसतो, नुसता थकलेला असतो, तेव्हा? गुडघे धरलेले असतात, एकट्याने बाथरूमपर्यंत जाता येत नाही, शर्टाची बटणं लागत नाहीत, गॅस पेटवलेला लक्षात राहत नाही. यावर डॉक्टरांकडे गोळी नसते. लागतो तो दुसरा माणूस, रोज लागतो, आणि बहुतेकदा शेवटपर्यंत लागतो. त्या दुसऱ्या माणसाचा पगार कुठून यायचा, हा प्रश्न जगातल्या श्रीमंत देशांनाही आजवर नीट सुटलेला नाही.

आधी ही देखभाल म्हणजे नेमकं काय ते पाहू. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, शौचाला जाणं, चालणं-फिरणं, आणि पलंगावरून खुर्चीत व खुर्चीतून परत पलंगावर येणं. परावलंबन मोजताना बहुतेक देश याच कामांचा आधार घेतात. सिंगापूरच्या योजनेत या सहांपैकी तीन कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमेनाशी झाली, की माणूस गंभीर परावलंबी धरला जातो आणि त्याला दरमहा पैसे सुरू होतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे हातपाय चालत असतात, पण त्यांना एकटं सोडता येत नाही. जर्मनीने २०१७मध्ये परावलंबनाच्या श्रेणी तीनवरून पाच केल्या, त्या मुख्यतः अशा लोकांना न्याय मिळावा म्हणून. त्याआधीची मोजपट्टी शरीराकडे बघायची, मनाकडे फारसं नाही.

उपचार आणि देखभाल यांची गल्लत फार महागात पडते. जपानने १९७३मध्ये सत्तरीपुढच्या लोकांना वैद्यकीय उपचार मोफत केले. देखभालीची मात्र वेगळी सोय नव्हती. परिणाम असा झाला, की ज्यांना उपचारांची गरज नव्हती असे हजारो वृद्ध महिनोन्‌महिने हॉस्पिटलांत राहू लागले. घरी बघायला कोणी नाही आणि हॉस्पिटल फुकट, मग दुसरं काय होणार? म्हणजे देखभालीवर खर्च करायचा नाही असं सरकारने ठरवलं, तरी खर्च टळत नाही. तो आरोग्याच्या खात्यात, आणि जास्त महाग होऊन, पुढे येतो. अमेरिकेत गल्लत उलट बाजूने होते. पासष्टीनंतर मिळणाऱ्या ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्य विम्यातून वृद्धाश्रमाचा किंवा घरच्या मदतनिसाचा दीर्घकाळचा खर्च निघेल, असं तिथल्या अनेकांना वाटत असतं. तो निघत नाही. जवळची पुंजी जवळपास संपली, की गरिबांसाठी असलेलं ‘मेडिकेड’ पुढे येतं. बऱ्याच राज्यांत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरच्या वर मोजण्याजोगी मालमत्ता नसावी, अशी अट आहे. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला म्हातारपणी मदतीसाठी आधी कंगाल व्हावं लागतं. ही व्यवस्था मला क्रूर वाटते, आणि तरीही अमेरिकेत दीर्घकालीन देखभालीचा सर्वांत मोठा वाटा हेच मेडिकेड उचलतं.

बचत का पुरत नाही

“तरुणपणीच पैसे बाजूला टाकावेत” हा सल्ला निवृत्तिवेतनासाठी ठीक आहे. देखभालीसाठी तो अपुरा पडतो, कारण कुणाला किती लागेल ते आधी कळत नाही. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार पासष्टीला पोचलेल्या तिघांमागे एकाला अशी देखभाल कधीच लागत नाही. पाचांमागे एकाला मात्र पाच वर्षांहून अधिक काळ लागते. आपण कुठल्या गटात जाणार, हे चाळिशीत कुणी सांगू शकत नाही. सर्वांत वाईट शक्यता धरून प्रत्येकाने बचत करायची ठरवली, तर बहुतेक लोक आयुष्यभर पोटाला चिमटा काढतील आणि तो पैसा वापरायची वेळच येणार नाही. कमी बचत केली, तर ज्याच्यावर दुर्दैव ओढवेल त्याचं घरदार विकलं जाईल.

जिथे धोका सगळ्यांना आहे, पण फटका थोड्यांनाच आणि जबरदस्त बसतो, तिथे विमा उपयोगी पडतो. घराला आग लागेल म्हणून कुणी नवीन घराएवढे पैसे साठवून ठेवत नाही. सगळे थोडं थोडं भरतात आणि ज्याचं घर जळतं त्याचं उभं राहतं. देखभालीचा धोका अगदी याच जातीचा आहे. मग खासगी विमा कंपन्यांनी हे काम का केलं नाही?

केलं, आणि हात पोळून घेतले. अमेरिकेत अशा पॉलिसी मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. कंपन्यांचा हिशेब तीन ठिकाणी चुकला. काही ग्राहक हप्ते भरणं मध्येच सोडतील असं त्यांनी गृहीत धरलं होतं, पण लोकांनी पॉलिसी घट्ट धरून ठेवल्या. लोक अपेक्षेपेक्षा जास्त जगले आणि जास्त वर्षं परावलंबी राहिले. आणि व्याजदर कोसळल्यामुळे जमा हप्त्यांवर धरलेलं उत्पन्न आलंच नाही. पेन ट्रीटी ही कंपनी २०१७मध्ये दिवाळखोरीत निघाली. जनरल इलेक्ट्रिकने हा धंदा कधीच थांबवला होता, तरी जुन्या पॉलिसींपोटी सात वर्षांत १५ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागेल, असं तिने जानेवारी २०१८मध्ये जाहीर केलं. ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी हप्ते वाढवले, तेही सत्तरी-पंच्याहत्तरीच्या ग्राहकांचे, ज्यांची मिळकत आता वाढणार नव्हती. वीस-पंचवीस वर्षं हप्ते भरून, नेमकी गरज दिसू लागल्यावर पॉलिसी सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली.

यात कंपन्यांची लबाडी शोधत बसण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांनंतर माणसं किती जगतील, मदतनिसांचे पगार काय असतील, व्याज किती असेल, हे कुणालाच माहीत नसतं. आणि चुकलं तर सगळ्या पॉलिसींवर एकाच वेळी चुकतं. इतक्या लांबचा धोका पेलायला इतकंच लांब आयुष्य असलेली संस्था लागते. कर लावण्याचा अधिकार असलेल्या सरकारखेरीज अशी संस्था मला दिसत नाही.

पण सरकारी योजना ऐच्छिक ठेवली तर तीही कोसळते. अमेरिकेनेच २०१०मध्ये ‘क्लास’ नावाची योजना कायद्यात आणली होती. ज्याला हवं त्याने हप्ता भरावा आणि गरज पडली की रोजचा भत्ता घ्यावा. अडचण सरळ होती. ज्याला आपली तब्येत ढासळतेय हे माहीत आहे तो आधी नाव नोंदवणार, धडधाकट माणूस लांब राहणार. हप्ता वाढणार, मग उरलेसुरले धडधाकटही बाहेर पडणार. आकडे मांडून पाहिल्यावर ऑक्टोबर २०११मध्ये सरकारनेच हात टेकले. एकही हप्ता गोळा न होता जानेवारी २०१३मध्ये योजना रद्द झाली. पुढे वॉशिंग्टन राज्याने त्यातून धडा घेऊन पगारातून सक्तीने ०.५८ टक्के कापायला जुलै २०२३पासून सुरुवात केली. योजना ऐच्छिक करावी असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४मध्ये तिथे मतदानाला आला होता. मतदारांनी तो फेटाळला. मिळणारी रक्कम मात्र तुटपुंजी आहे: सुरुवातीची मर्यादा आयुष्यभरात मिळून ३६,५०० डॉलर.

सगळ्यांनी मिळून भरायचं तर कसं

ठोकळमानाने दोन वाटा आहेत. एक, करातून. स्वीडनमध्ये देखभालीची जबाबदारी नगरपालिकांची आहे आणि बहुतेक पैसा स्थानिक करातून येतो. वृद्धाला थोडंफार शुल्क पडतं, पण त्यावर २००२पासून देशभर एकच कमाल मर्यादा आहे. दुसरी वाट म्हणजे सक्तीचा सामाजिक विमा. पगारातून ठराविक टक्के कापायचे, ते वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि गरज पडली की हक्काने द्यायचे. नेदरलँड्सने ही वाट सर्वांत आधी, १९६८मध्ये धरली. जर्मनी १९९५मध्ये, जपान २०००मध्ये आणि दक्षिण कोरिया २००८मध्ये तिच्यावर आला.

जर्मनीचा किस्सा सांगण्यासारखा आहे. कामगाराचा निम्मा हप्ता मालकाने भरायचा होता. मालकवर्ग म्हणाला, आमचा खर्च वाढला, त्याची भरपाई द्या. शेवटी तडजोड काय झाली, तर एक सार्वजनिक सुट्टी रद्द करायची. प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा प्रायश्चित्ताचा आणि प्रार्थनेचा दिवस होता तो. सगळा देश त्या दिवशी कामावर जाऊ लागला, एक सॅक्सनी राज्य सोडून. तिथल्या लोकांनी सुट्टी राखली आणि बदल्यात कामगारांनी हप्त्याचा जास्त वाटा उचलला. आजही तसंच आहे. देखभालीची किंमत सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत मांडल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही: म्हाताऱ्यांसाठी वर्षातला एक दिवस जास्त काम कराल का?

सुरुवातीला पगाराच्या १ टक्का असलेला हा हप्ता २०२५मध्ये ३.६ टक्के झाला. मूल नसलेल्यांना ४.२ टक्के पडतो. हा फरक ऐकायला खटकतो, पण त्यामागे २००१चा घटनात्मक न्यायालयाचा निकाल आहे. आज जमा होणारा हप्ता आजच्याच वृद्धांवर खर्च होतो, म्हणजे योजना चालू ठेवायला पुढची पिढी लागते. मुलं वाढवणारे ती पिढी घडवण्यासाठी आधीच खर्च करत असतात, तेव्हा दोघांना सारखाच हप्ता लावणं अन्यायाचं आहे, असं न्यायालय म्हणालं. ज्यांना मूल हवं होतं पण झालं नाही, त्यांना हा निकाल कसा वाटत असेल, याचा विचार मनातून जात नाही.

जपानने हप्ता चाळिशीपासून लावला. कारण समंजस आहे. साधारण त्याच वयात आई-वडील थकू लागतात आणि पैसे कशासाठी कापले जातात ते समोर दिसत असतं. निम्मा पैसा करातून आणि निम्मा हप्त्यांतून येतो. सेवा घेताना वृद्धाला १० टक्के रक्कम भरावी लागते, सधन असेल तर २० किंवा ३०. आणि वृद्ध झालं म्हणून हप्ता थांबत नाही, पासष्टीपुढचे लोकही तो भरतात. त्यांचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, २०२४ ते २०२६ या काळासाठी तो ६,२२५ येन आहे. दर तीन वर्षांनी हिशेब नव्याने मांडायचा, हा नियम कायद्यातच आहे. मला ही जपानी योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. इतर देशांत हप्ता वाढवणं हे राजकीय संकट असतं, तिथे ते वेळापत्रकात बसलेलं आहे.

खर्च का चढतच जातो

वृद्धांची संख्या वाढतेय, हे उघड कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार २०३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगात ऐंशी ओलांडलेली माणसं एक वर्षाखालच्या बाळांपेक्षा जास्त असतील. पण संख्या स्थिर राहिली असती तरी खर्च चढला असता. त्याचं कारण कामातच आहे.

एक अंघोळ घ्या. आजींना पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय खाली सोडू द्यायचे आणि थोडं थांबायचं, नाहीतर उठताना चक्कर येते. मग कमरेला आधार देऊन चाकाच्या खुर्चीत घ्यायचं. पाणी आधी आपल्या हातावर घेऊन बघायचं, मग त्यांच्या हातावर. पाठ, काख, बोटांच्या बेचक्या नीट पुसायच्या, कारण ओल राहिली तर कातडी सोलते. कुठे लाल डाग दिसतोय का ते बघायचं, कारण शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, तिथूनच सुरू होतो. आणि हे सगळं होताना बोलत राहायचं, कारण परक्या माणसासमोर उघडं होण्याची लाज वयाबरोबर जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी याला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आज लागतो. कारखान्यात यंत्र आलं की तोच कामगार दुप्पट माल काढतो आणि त्याचा पगार वाढतो. मदतनीस मात्र एका सकाळी जेवढ्या अंघोळी घालायची तेवढ्याच घालते. तरीही तिचा पगार कारखान्याच्या मागे मागे वाढवावाच लागतो, नाहीतर ती कारखान्यात जाईल. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात वाद्यवादकांच्या मैफलीचं उदाहरण घेऊन हा नियम मांडला. देखभालीला तो आणखी चपखल लागू पडतो. म्हणून “कार्यक्षमता वाढवून खर्च आटोक्यात आणू” असं कुणी म्हणालं, तर नक्की कुठली मिनिटं कापणार ते विचारावं.

पगार वाढवलाच नाही, तर माणसंच मिळत नाहीत. जपान सरकारच्या अंदाजानुसार २०४०पर्यंत तिथे आणखी सुमारे ५,७०,००० काळजीवाहक लागतील. योजनेत हक्क लिहिलेला आहे, पैसाही आहे, पण दाराची घंटा वाजवायला कोणी नाही, अशी वेळ येऊ शकते.

खर्च हाताबाहेर जाऊ लागला, की सरकारं कर वाढवण्याआधी उंबरठा वाढवतात. जपानने २०१५पासून सार्वजनिक वृद्धाश्रमांत प्रवेश साधारणपणे पाचपैकी तिसऱ्या किंवा वरच्या श्रेणीच्या लोकांपुरताच ठेवला. नेदरलँड्सने त्याच वर्षी जुनी योजना मोडून राष्ट्रीय विमा फक्त अखंड देखभाल लागणाऱ्यांसाठी ठेवला आणि घरकामाच्या मदतीसारख्या गोष्टी नगरपालिकांकडे दिल्या. ऑस्ट्रेलियाने १ नोव्हेंबर २०२५पासून नवा कायदा लागू केला. त्यात परिचारिकेची सेवा पूर्णपणे सरकारी पैशातून, पण साफसफाईसारख्या कामांत वृद्धाचा वाटा, तोही मिळकतीप्रमाणे. हे वर्गीकरण तत्त्वतः मला पटतं, कारण जेवणखाण आणि घरभाडं सगळ्याच वयात लागतं. पण काळजी वाटते ती अशी, की साफसफाई बंद झाली म्हणून घसरून पडलेला माणूस थेट हॉस्पिटलात जातो.

जे बिल कुठेच दिसत नाही

जर्मनीत देखभाल लागणाऱ्या पाचांपैकी चाराहून जास्त लोक घरीच राहतात, आणि त्यांच्यातले बहुतेक नातेवाइकांच्या भरवशावर. हे काम करणाऱ्यांत बायका जास्त, सगळीकडेच. “घरच्यांनी केलं तर फुकट होतं” हे वाक्य हिशेबात बसत नाही. पन्नाशीत नोकरी सोडलेल्या मुलीचा पगार जातो, बढती जाते, आणि वीस वर्षांनी तिचं स्वतःचं निवृत्तिवेतन कमी भरतं. म्हणजे एका म्हातारपणाचा खर्च दुसऱ्या म्हातारपणावर ढकलला जातो. जर्मनीच्या योजनेत याची दखल आहे. घरी राहणाऱ्या वृद्धाला सेवेऐवजी रोख रक्कम घेता येते, आणि आठवड्याला किमान दहा तास देखभाल करणाऱ्या नातेवाइकाचा निवृत्तिवेतनाचा हप्ता ठराविक अटींवर देखभाल विमाच भरतो. जपानने रोख द्यायचं जाणूनबुजून टाळलं. पैसे दिले तर सुनेवरचं ओझं कायम राहील आणि त्याला सरकारी शिक्का बसेल, असा तिथल्या स्त्री-संघटनांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी तराजू जर्मनीसारखा नातेवाइकाचा निवृत्तिवेतनाचा हप्ता भरण्याच्या बाजूने झुकवेन, कारण नोकरी सोडणाऱ्या मुली आजही आहेतच.

इंग्लंडची चौदा वर्षं

पैसा कुठून आणायचा हे कळूनही निर्णय होत नाही, याचं उदाहरण इंग्लंड. २०११मध्ये अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने अहवाल दिला. पासष्टीच्या दहा माणसांमागे एकाला पुढच्या आयुष्यात देखभालीवर १,००,००० पौंडांहून जास्त खर्च येईल, असं त्यात म्हटलं होतं. उपाय साधा सुचवला: माणसाने स्वतःच्या खिशातून आयुष्यभरात साधारण ३५,००० पौंड भरावेत, त्यापुढचं सरकारने बघावं. कायदा २०१४मध्ये झाला, मर्यादा ७२,००० ठरली, अंमलबजावणी २०१६मध्ये व्हायची होती. ती आधी पुढे ढकलली, मग सोडून दिली. २०२१मध्ये नवी मर्यादा जाहीर झाली, ८६,०००. तीही पुढे ढकलली. जुलै २०२४मध्ये नव्या सरकारने ती रद्द केली. या सगळ्या काळात, ज्याची मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर आहे त्याला सरकारी मदत नाही, ही २०१०पासूनची रेषा तिथेच राहिली. महागाई वाढत गेली तसतशी ती रेषा दरवर्षी न बोलता आणखी कडक होत गेली.

डिलनॉट यांचा मूळ विचार मात्र जर्मनीत वेगळ्या रूपात दिसतो. तिथला विमा पहिल्यापासून अर्धामुर्धाच होता, वृद्धाश्रमाचा पूर्ण खर्च तो देत नाही. २०२५मध्ये वृद्धाश्रमातल्या पहिल्या वर्षी माणसाला सरासरी ३,००० युरोंच्या आसपास दरमहा स्वतः भरावे लागत होते. ही रक्कम भल्याभल्यांची पुंजी खाते. म्हणून २०२२पासून मुक्काम वाढेल तशी सवलत वाढवायला सुरुवात झाली. २०२४च्या दरांप्रमाणे देखभालीच्या स्वतःच्या वाट्यातले पहिल्या वर्षी १५ टक्के विमा भरतो, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५० आणि त्यानंतर ७५. जेवणाचे आणि खोलीचे पैसे यात येत नाहीत. दिशा बरोबर आहे, कारण सर्वांत जास्त मदत त्यालाच मिळते ज्याचं परावलंबन सर्वांत लांबलं. शिवाय २०१५पासून हप्त्यातला एक लहान हिस्सा राखीव निधीत जातोय. १९६०च्या आसपास जन्मलेली मोठी पिढी पंच्याहत्तरीला पोचेल, तेव्हा म्हणजे २०३५पासून तो वापरायचा आहे. निधी गरजेच्या मानाने लहान आहे. आणि सरकारी तिजोरीत खडखडाट झाला, की त्याला आत्ताच हात घालावा अशी सूचना कुणीतरी करतंच.